ग्राहक क्रमांक सतरा यांच्या तिसऱ्या पत्रास उत्तर

बंगळुरातील आमच्या मराठी मंडळाच्या या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘नोकरीतल्या गमतीजमती, हलक्याफुलक्या शब्दांत’ मागितल्या. मी त्यांना उलट टपाली विचारले की, हलक्याफुलक्या शब्दांची त्यांची व्याख्या काय, आणि ती लेखकावर लादण्याचा अधिकार त्यांना मंडळाच्या घटनेतील कोणत्या कलमाने दिला. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. त्यावर संपादकांचा दूरध्वनी आला (‘रायरे’ म्हणजे इकडच्या कन्नडमध्ये ‘रावसाहेब’; मला सारे तेच म्हणतात) : ‘‘रायरे, तुम्हाला हवं तसं लिहा, पण दसऱ्याच्या आत द्या.’’ दूरध्वनीवरील आश्वासनास मी पुरावा मानत नाही. तरीही लिहीत आहे, कारण एका पत्राचे उत्तर माझ्याकडून द्यायचे राहून गेले आहे. आलेल्या पत्रास उत्तर न देणे हा मी आयुष्यभर इतरांवर ठेवलेला आरोप आहे. तो माझ्यावर सिद्ध व्हावा, हे मला सहन होत नाही.

मी एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या विधी विभागात एकतीस वर्षे मसुदे लिहिले. ती एकतीस वर्षे येथे गाळतो; त्यांविषयीची माझी मते संबंधितांना वेळोवेळी लेखी कळवलेली आहेत. निवृत्तीनंतरची नोकरी मात्र सांगण्याजोगी आहे. नव्वदचे दशक संपत आले होते. तोवर इंटरनेट पुरवण्याचा मक्ता सरकारचा होता. तो खासगी कंपन्यांना खुला झाला, आणि बंगळुरात ज्याच्यापाशी रिकामा माळा होता त्याने परवाना घेतला. राजाजीनगरातील एका अगरबत्तीवाल्या घराण्यानेही घेतला. खाली अगरबत्तीचे गोदाम, वर इंटरनेट. यंत्रांच्या खोलीत शिरताच चंदनाचा असा घमघमाट येई की, नवे ग्राहक चपला बाहेर काढून ठेवीत.

मालक गुरुराज हा घराण्यातील धाकटा भाऊ. स्वभावाने सज्जन आणि कागदाला भिणारा. त्याने परवान्याचा करारनामा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हळदकुंकू लावून देवाच्या तसबिरीखाली ठेवला होता. उघडला नव्हता. मुलाखतीस गेलो असता त्याने तो माझ्या हाती दिला. मी तेथेच बसून तीन तासांत वाचून काढला.

‘‘काय आहे हो आत, रायरे?’’ त्याने विचारले.

‘‘नऊ ठिकाणी तुम्हाला तुरुंगात जाण्याची सोय आहे.’’

‘‘उद्यापासून या,’’ गुरुराज म्हणाला.

अशा रीतीने मी तक्रार व अनुपालन अधिकारी झालो. अनुपालन म्हणजे मालकाला तुरुंगाबाहेर ठेवणे. तक्रार म्हणजे ग्राहकाला कार्यालयाबाहेर ठेवणे. कार्यालयात तिसरी व्यक्ती म्हणजे आमच्या इंजिनियर शैलजाबाई. बेळगावच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच धारेने बोलणाऱ्या. यंत्रे त्या चालवीत, आणि प्रसंगी आम्हा दोघांनाही.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. तेव्हा इंटरनेट घरच्या टेलिफोनच्या तारेतून येई. संगणक आमच्या क्रमांकावर फोन लावी, मोडेम नावाची पेटी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळे, आणि नशीब असल्यास जोडणी होई. मधे घरात कोणी रिसीव्हर उचलला की सारे मुसळ केरात. आम्ही ग्राहकांना वारंवार सांगत असू की, आमचा धंदा नळाचा आहे, पाण्याचा नाही. ते कोणाला पटत नसे. एका ज्योतिष्यांनी जोडणी अमृतसिद्धियोगावर व्हावी असा अर्ज केला, आणि त्या मुहूर्तावर ओळ व्यग्र लागल्याने नुकसानभरपाई मागितली. दुसऱ्या एका गृहस्थांनी लिहिले, ‘इंटरनेट पूर्ण पाहून झाले आहे, सबब उरलेले पैसे परत करावेत.’ मी दोघांना दोन-दोन पाने उत्तर दिले. पहिल्यांना योग निघून गेल्यावर पत्र मिळाले, याचीही त्यांनी तक्रार केली.

आता मुख्य मुद्दा. आमच्या परवान्यात एक कलम होते की, इंटरनेटवरून आवाजी संभाषण होऊ देऊ नये. परदेशी फोनचा मक्ता अद्याप सरकारचाच होता आणि अमेरिकेला तीन मिनिटे बोलायचे तर आठवड्याच्या भाजीचा हिशेब मनात येई. तोच आवाज इंटरनेटवरून जवळजवळ फुकट जात असे. सरकारला ते नको होते. म्हणून लिहिणे चालेल, चित्र पाठवणे चालेल, पण बोलणे गुन्हा. मला त्यात काही वावगे वाटले नाही. कलम होते, तेवढे मला पुरेसे होते.

माझी स्वतःची कन्या वैजयंती, आमची वैजू, तेव्हा लग्न होऊन अमेरिकेत होती. महिन्यातून एकदा आम्ही उभयता कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये जाऊन तीन मिनिटे बोलत असू. समोर लाल आकडे पळत. पहिली दोन मिनिटे मी विचारी, ‘‘पत्र क्रमांक चौदा मिळाले का? मग पोच का नाही?’’ कारण मी तिला दर आठवड्याला विषय, संदर्भ आणि अनुक्रमांक घालून पत्र लिहीत असे, आणि तिच्याकडून उत्तरे येत नसत. उरलेल्या मिनिटात आमच्या सौ., सुमित्राबाई, ‘‘बरी आहेस ना गं?’’ एवढे विचारीत आणि आकडे थांबत.

तर कलमाचे पालन व्हावे म्हणून मी सर्व ग्राहकांस एक परिपत्रक काढायचे ठरवले. ‘आवाजी संभाषण करू नये’ असे एका ओळीत लिहिले असते तर चालले असते, असे आज मला कोणीही सांगेल. पण मसुदा लिहिणाऱ्याला मोघमपणा वर्ज्य असतो. काय करू नये हे ग्राहकाला नेमके ठाऊक नसेल तर त्याने ते केले असता आपण त्याला दोषी कसे धरणार? म्हणून मी शैलजाबाईंना समोर बसवून ते निषिद्ध कृत्य आरंभापासून शेवटपर्यंत करून दाखवायला लावले आणि टप्प्याटप्प्याने टिपून घेतले.

‘‘काय ओ सर,’’ शैलजाबाई म्हणाल्या, ‘‘हे वाचून आमची आज्जी पण अमेरिकेला फोन लावंल की!’’

‘‘अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, शैलजाबाई. म्हणून आधी ज्ञान द्यावे लागते.’’

‘‘द्या बापडे,’’ त्या म्हणाल्या.

माझी एक जुनी पद्धत होती. कोणताही मसुदा अंतिम करण्यापूर्वी तो सौ.ना वाचून दाखवायचा. त्यांना कळला तर जगाला कळेल, असा माझा समज. त्या रात्रीच्या भाजीची गवार निवडत होत्या. मी वाचले :

‘४ (अ) संगणकाच्या मागील बाजूस, माइकचे चित्र असलेल्या छिद्रात, माइकची पिन घालणे. (आ) संभाषणाची आज्ञावली उतरवून घेणे. (इ) पलीकडील व्यक्तीस वेळ आधी कळवून ठेवणे. भारतातील सकाळ ही अमेरिकेतील संध्याकाळ होय. (ई) आवाज घुमत असल्यास ध्वनिवर्धकाचा आवाज कमी करणे.’

‘‘आज्ञावली उतरायला किती वेळ लागतो?’’ सौ.नी विचारले. ‘‘लोकांना कळायला हवं.’’

‘‘सुमारे दोन तास.’’

‘‘मग तसं लिहा. आणि तेवढ्यात कोणी फोन उचलला तर?’’

मी त्यांचे कौतुक केले आणि दोन्ही दुरुस्त्या मसुद्यात घातल्या. ‘वरील सर्व कृत्ये निषिद्ध आहेत’ हे वाक्य, यादी संपल्यावर, पाठच्या पानावर आले.

परिपत्रक गेल्यानंतरच्या आठवड्यात जे. पी. नगरचे कापडाचे व्यापारी नागराज म्हैसूरपाकाचा डबा घेऊन माडी चढले. 

‘‘रायरे, एक नंबर!’’ त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘‘मुलगा तिकडे चार वर्षं आहे. काल पहिल्यांदा तासभर बोललो. स्वल्प घुमत होतं, मग तुमचं चार-ई केलं. सरी झालं!’’

‘‘ते निषिद्ध आहे!’’ मी उभा राहिलो.

‘‘हो, हो, मागे लिहिलंय ना, वाचलं. छान लिहिलंय.’’

त्या पंधरवड्यात सव्वीस जणांनी परिपत्रकाच्या जादा प्रती मागितल्या. महादेवपुऱ्याकडच्या एका वसाहतीत ते सूचनाफलकावर लावल्याचे कळले. पाठचे पान अर्थातच फलकाला चिकटले होते. माझ्या एकतीस वर्षांच्या लेखनास मिळालेली ही पहिली लोकप्रियता.

मी भयंकर संतापलो आणि नोटिसा काढायला घेतल्या. पण बोलणाऱ्यांना पकडायचे कसे? इंटरनेटवर जे जाते ते लहान-मोठ्या गाठोड्यांतून जाते. पत्र म्हणजे एकदाच जाणारे मोठे गाठोडे. बोलणे म्हणजे सुपारीएवढाली गाठोडी, एकसारखी, दोन्ही दिशांनी, तासभर. शैलजाबाई ती आकारावरून ओळखीत आणि दर शनिवारी यादी देत. यादीत नावे नसावीत, केवळ ग्राहक क्रमांक असावेत, हा आदेश माझा. नाव दिसले की न्याय पातळ होतो, असे माझे मत होते आणि आहे. मी क्रमांकावर सही करी. पत्ता शैलजाबाई घालीत. तीन नोटिसांनंतर जोडणी बंद, हा नियम.

बहुतेक ग्राहक पहिल्या नोटिशीत गप्प झाले किंवा ‘आम्ही नव्हे, मुलांनी केले’ असे म्हणाले. ज्यांना मुले नव्हती तेही तसेच म्हणाले. अपवाद एकच : ग्राहक क्रमांक सतरा. रोज सकाळी सात ते आठ. आणि नोटिशीला थेट उत्तर. कन्नडमध्ये, टंकलिखित, मुद्देसूद, खाली न वाचता येणारी सही :

‘आपली नोटीस पोहोचली. मी संभाषण केले हे आपणांस कसे कळले? आपण माझी गाठोडी उघडली असल्यास तो आपला गुन्हा. उघडली नसल्यास आपला आरोप निराधार. यांपैकी कोणते, ते सात दिवसांत कळवावे.’

मी खुर्चीवरून उठलो. एवढ्या नोटिसा काढल्या, पण असा प्रतिपक्ष कधी लाभला नव्हता. ‘सात दिवसांत’ ही तर माझीच लकब! मी उत्तर दिले की, गाठोडे उघडलेले नाही, केवळ आकार पाहिला. दुसरी नोटीस सोबत जोडली. चौथ्या दिवशी दुसरे पत्र हजर : ‘आकार? पाकीट जाड आहे म्हणून पोस्टमनने आत भांडण आहे असे ठरवल्याचे एक तरी उदाहरण द्यावे.’

त्या काळात मी घरी दुसरे काही बोलतच नसे.

‘‘आज सतराचं पत्र आलं,’’ मी जेवताना सांगी.

‘‘काय म्हणतोय तुमचा सतरा?’’ सौ. आमटी वाढीत.

‘‘म्हणतोय की म्हणतेय, कळत नाही. पण डोकं आहे.’’

‘‘असेल एखादी बाई.’’

‘‘शक्य आहे. पण इतकी मुद्देसूद...’’

सौ.ची पळी क्षणभर हवेत थांबली. ‘‘आणि आता तुम्ही काय उत्तर देणार?’’ त्यांनी शांतपणे विचारले.

मी माझा संपूर्ण युक्तिवाद, त्यातील कच्च्या दुव्यांसह, त्यांना समजावून सांगितला. सांगायला मला आनंद होई. एरवी त्यांचे मन ठिकाणावर नसे. वैजूला सातवा महिना लागला होता, डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितले होते, नवरा दिवसभर कामावर, आणि सौ.ना तिकडे जाण्याचा व्हिसा नाकारला गेला होता. मी नकाराविरुद्ध तीन पत्रे लिहिली होती. चौथे लिहू नका, असे सौ.नी हात जोडून सांगितले होते.

याच सुमारास गुरुराजचे थोरले बंधू, म्हणजे अगरबत्तीचे खरे धनी, माडीवर आले. त्यांनी आपल्या अगरबत्तीचे एक पान इंटरनेटवर टाकले होते. प्रतिस्पर्ध्यानेही टाकले होते, आणि त्याचे पान लवकर उघडत होते.

‘‘नळ आमचा,’’ ते गरजले, ‘‘आणि पाणी त्याचं पळतंय! त्याला स्वल्प हळू करा. आमचं पुढे सोडा.’’

मी म्हणालो, हे बेकायदा आहे. ते म्हणाले, कलम दाखवा. मी करारनामा घेऊन बसलो. दोन दिवस बसलो. काय सांगू! बोलण्याला बंदी होती. अश्लीलतेला बंदी होती. छतावर किती उंच खांब रोवावा याचे मोजमाप होते. पण नळवाल्याने एकाचे पाणी सोडून दुसऱ्याचे अडवू नये, असे सबंध करारनाम्यात, जोडपत्रांत, तळटिपांत कोठेही लिहिलेले नव्हते. ज्या कायद्याला आई-लेकाचे बोलणे खुपत होते, त्याला ही बदमाशी दिसतही नव्हती. आयुष्यात प्रथमच मला एखाद्या माणसाचा नव्हे, तर कायद्याचा संताप आला.

नाइलाजाने मी गुरुराजला नऊ पानी टिपण दिले. त्यात आधार म्हणून दुसरे काहीच नव्हते, म्हणून ग्राहक क्रमांक सतरा यांचे तिसरे पत्र उद्धृत केले. ते कालच आले होते, आणि या वेळी मराठीत :

‘मी आयुष्यभर पोस्टात पत्रे टाकणाऱ्या एका माणसाला ओळखते. त्याने शिव्या लिहिल्या, आशीर्वाद लिहिले, सरकारविरुद्ध लिहिले. पोस्टाने प्रत्येक पाकिटाला तेच तिकीट लावले आणि आत काय आहे हे कधी विचारले नाही. म्हणून तो माणूस आजवर बोलू शकला. मग तारेने का विचारावे? कृपया उत्तर द्यावे.’

‘ओळखते’ असे तिने स्पष्ट लिहिले होते. मी ते वाचून फक्त एवढेच म्हणालो की, चला, बाई आहे हे निश्चित झाले.

‘‘रायरे,’’ गुरुराज डोके खाजवत म्हणाला, ‘‘ज्या सतराची जोडणी तुम्ही कापताय, त्याच सतराचं मत मला देताय?’’

‘‘मत चांगले असले की ते कोणाचे, हे मी पाहत नाही.’’

‘‘मग कापताय कशाला?’’

मी रागावून बाहेर आलो.

थोरल्या बंधूंनी टिपण वाचले नाही. त्यांनी परस्पर शैलजाबाईंना हुकूम सोडला. शैलजाबाई ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाल्या आणि त्यांनी यंत्राला सांगितले की, ज्या पानावर ‘अगरबत्ती’ हा शब्द असेल ते सावकाश सोड. तीन दिवसांनी थोरले बंधू एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याला आपले पान दाखवायला घेऊन आले. पान उघडायला लागले. कॉफी आली, थंड झाली, दुसरी आली. पडद्यावर गणपतीच्या मुकुटाचा वरचा भाग तेवढा दिसू लागला. व्यापारी नमस्कार करून निघून गेला.

‘‘काय हे?’’ थोरले बंधू ओरडले.

‘‘तुम्हीच सांगितलं न्हवं, अगरबत्ती हळू करा म्हणून? तुमची पण अगरबत्तीच की अण्णा,’’ शैलजाबाई म्हणाल्या.

‘‘सगळ्यांना सारखं सोडा,’’ ते खालच्या आवाजात म्हणाले आणि जिना उतरले. निव्वळ वैतागापोटी घेतलेला इतका न्याय्य निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

परंतु माझी बाजू अवघड होत चालली होती. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून विचारणा आली : आवाजी ग्राहकांवर काय कारवाई केली, सोमवारपर्यंत कळवा. न कळवल्यास परवान्याला धोका. सतराला तिसरी नोटीस गेलेली होती. तिच्या तिसऱ्या पत्राचे उत्तर मला सुचत नव्हते. आणि जोडणी तोडण्याचा आदेश माझ्या सहीसाठी टेबलावर होता. मी ठरवले की, सुनावणीशिवाय शिक्षा नाही. दुसरी बाजू समक्ष ऐकायची, मग सही.

‘‘सर, पत्रानंच कापूया की,’’ शैलजाबाई प्रथमच चाचरत म्हणाल्या. ‘‘समक्ष कशाला?’’

‘‘न्याय समक्षच होतो. शनिवारी सकाळी साडेसात. मी उद्यानाच्या कोपऱ्यावर उभा राहीन.’’

मी रोज साडेसहाला फिरायला जात असे, वही घेऊन. फुटलेले दिवे, उघडी गटारे यांची नोंद करून आठला परतायचो, म्हणजे महानगरपालिकेला लिहायला बरे. शनिवारी शैलजाबाई स्कूटर घेऊन आल्या. मी मागे बसलो. दोन वळणे घेऊन स्कूटर माझ्याच फाटकासमोर थांबली.

‘‘शैलजाबाई, पेन माझ्यापाशी आहे. घरी कशाला आणलंत?’’

‘‘सर,’’ त्या इंजिन बंद करत म्हणाल्या, ‘‘सतरा नंबर.’’

कर्मचाऱ्यांच्या घरची जोडणी विनामूल्य असे. बिल येत नसल्याने क्रमांक मला कधी कळलाच नव्हता. आणि जोडणीबरोबर घरी आलेल्या संगणकाला मी हात लावत नसे, कारण मी पत्रे शाईने लिहितो.

दार नुसते लोटलेले होते. सौ. पाठमोऱ्या बसल्या होत्या, समोर माइक. ‘‘...पाय उशीवर ठेव. आणि आल्याचा तुकडा जिभेखाली धर, मळमळ थांबेल,’’ त्या सांगत होत्या. मग चाहूल लागून वळल्या. घाबरल्या नाहीत.

‘‘बसा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सुनावणी ना? शैलजा, तूही बस गं.’’

‘‘तू... सतरा?’’

‘‘तुम्हीच म्हणालात ना, डोकं आहे.’’

‘‘मला का सांगितलं नाहीस?’’

‘‘सांगितलं की,’’ सौ. म्हणाल्या. ‘‘तीन पत्रं लिहिली.’’

मी खुर्चीत बसलो. मी स्वतःला सावरले आणि म्हणालो की, नाते असो वा नसो, कलम ते कलम. सोमवारी उत्तर द्यायचे आहे. जोडणी आज बंद होईल.

‘‘करा,’’ सौ. म्हणाल्या. ‘‘पण तिला तुम्ही सांगा. पलीकडे वाट बघतेय. अजून दोन महिने ती एकटी पडून राहणार आहे, आणि रोजचा आईचा आवाज आता येणार नाही, हे मी नाही सांगणार.’’

माइकवर बोलणे म्हणजे गुन्हा. मी वहीचे पान फाडून लिहिले : ‘विषय : जोडणी खंडित करण्याबाबत’, आणि वाचून दाखवण्यासाठी सौ.पुढे धरले. त्यांनी हाताची घडी घातली. मी ते शैलजाबाईंपुढे धरले.

‘‘हे माझ्या कामात बसत नाही ओ सर,’’ त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

तेव्हा मी माइकजवळ वाकलो. केवळ आदेश कळवण्यापुरते, असे मी मनात नोंदवून ठेवले.

‘‘वैजयंती. परवानाधारकाच्या वतीने तुला कळवण्यात येते की...’’

‘‘अण्णा?’’ आवाज जरासा घुमत, थोड्या उशिराने आला. ‘‘अण्णा, तुम्ही बोलताय? थांबा, थांबा. पत्र क्रमांक बासष्ट मिळालं.’’

लाल आकडे कोठेही पळत नव्हते.

‘‘एकसष्ट?’’ मी विचारले.

‘‘तेही. सगळी आहेत. फाइलला लावलीत, नंबरवार. बाळाला दाखवणार आहे.’’

‘‘मग उत्तर का देत नाहीस?’’

‘‘तुमच्यासारखं लिहिता येत नाही हो मला. दर वेळी बसते आणि विषय काय घालू तेच कळत नाही. मला नुसतं बोलायचं असतं.’’

त्यानंतर आदेशाचे काय झाले, मला आठवत नाही. आम्ही चाळीस मिनिटे बोललो. तिने मला आल्याविषयी सांगितले, मी तिला आमच्या रस्त्यावरच्या उघड्या गटाराविषयी सांगितले, आणि ती इतकी हसली की सौ.नी तिला दटावले, हसू नकोस, पोटावर ताण येतो. चहा शैलजाबाईंनीच केला. साखरेचा डबा कुठे असतो, हे त्यांना विचारावे लागले नाही.

त्याच दिवशी मी कार्यालयात जाऊन माझे कर्तव्य पार पाडले. परवाना देणाऱ्या कार्यालयास कळवले की, ग्राहक क्रमांक सतरा यांच्या जोडणीवरून मी स्वतः चाळीस मिनिटे निषिद्ध संभाषण केले आहे, माझ्यावर खटला भरावा, आणि त्या खटल्यात मी सदर कलमाच्या वैधतेस आव्हान देणार आहे. सोबत नऊ पानी टिपण. आणि आदेशाच्या कागदावर लिहिले : ‘प्रकरण वरिष्ठांकडे निर्णयार्थ प्रलंबित. निर्णय होईपर्यंत जैसे थे.’

गुरुराजला राजीनामाही दिला. त्याने तो न उघडता करारनाम्याच्या पिशवीत सरकवला. ‘‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, रायरे,’’ तो म्हणाला; म्हणजे, जरा सांभाळून घ्या. ‘‘तुम्ही गेलात तर आत काय लिहिलंय ते मला कोण सांगणार?’’

वरिष्ठांकडून पोच आली. निर्णय आला नाही. मी दरमहा स्मरणपत्र पाठवले, आणि निर्णय होईपर्यंत जैसे थे असल्याने सौ. रोज सकाळी सात ते आठ बोलत राहिल्या. नात झाली, तिचे पहिले रडणे त्याच माइकवरून आले. त्या दिवशी कंपनीच्या यादीत सतराची सुपारीएवढाली गाठोडी दिवसभर धावत होती. शैलजाबाईंनी यादी माझ्यापुढे ठेवली आणि पेढा मागितला. काही वर्षांनी सरकारने ते कलमच बदलले आणि बोलणे कायदेशीर झाले. तेव्हा मला एका ओळीचे पत्र आले : धोरण बदलल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. तक्रार! तो कबुलीजबाब होता. मला शिक्षाही मिळाली नाही आणि निर्दोष मुक्तताही. याविषयी मी लिहिलेल्या पत्राचे उत्तर अद्याप यायचे आहे. नळवाल्याने कोणाचे पाणी अडवू नये, हे कोठे तरी लिहून ठेवा, असेही त्यात सुचवले होते. माडीवर आता पुन्हा अगरबत्तीचे खोके आहेत.

बूथमधील त्या दोन-दोन मिनिटांचा हिशेब मात्र माझ्या नावे राहिला आहे. तो कोणत्या कार्यालयास लिहून मिटेल, मला कळत नाही.

ग्राहक क्रमांक सतरा यांचे तिसरे पत्र माझ्या फाइलीत सर्वांत वर आहे. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही स्मरणपत्र पाठवले नाही. फक्त कधीतरी जेवताना विचारतात, ‘‘काय झालं हो त्या सतराचं?’’ सबब, हा लेख छापून आल्यावर त्याची एक प्रत मी पाकिटात घालून, वर आमच्याच घराचा पत्ता लिहून, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे. सोबतच्या पत्रात एकच ओळ असेल. ती येथे देत नाही. पोस्टमनही विचारणार नाही.